कोणता व्हायरस, मॅडम?

आमच्या बालरुग्ण विभागाचं खरं वर्ष पोळ्याच्या आसपास सुरू होतं. पाऊस रेंगाळलेला असतो, दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, शाळेत जाणाऱ्या मोठ्या भावंडांची नाकं वाहत असतात. आणि मग एकेक करून तान्ही लेकरं वॉर्डात यायला लागतात. दिवाळीपर्यंत खाटा पुरेनाशा होतात. सोयाबीन काढणीची आणि कापूस वेचणीची वेळही नेमकी हीच. बाळाला मांडीवर घेऊन बसलेल्या आईचा अर्धा जीव शेतात अडकलेला असतो आणि दारात उभ्या असलेल्या बापाचा रोज बुडत असतो. विदर्भातल्या एका जिल्हा रुग्णालयात बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना पावसाळा संपत आल्याची खूण मी अशीच ओळखत आले आहे.

पूर्वी नातेवाईक विचारायचे, "निमोनिया तर नाई ना जी?" करोनानंतर प्रश्न बदलला. आता आजीसुद्धा विचारते, "कोणता व्हायरस हाये, मॅडम?" प्रश्न रास्त आहे आणि उत्तरही बहुतेक वेळा अंदाजानं देता येतं. दोन वर्षांखालचं मूल, दोन-तीन दिवस सर्दी, मग खोकला, धाप आणि छातीत घरघर असं चित्र असलं, की त्यामागे सर्वांत जास्त वेळा आरएसव्ही म्हणजे रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस असतो. त्याखेरीज ऱ्हायनोव्हायरस, पॅराइन्फ्लुएन्झा, ॲडिनोव्हायरस, एचएमपीव्ही अशी बरीच मंडळी आहेत. नेमका कोणता ते सांगणारी तपासणी बाहेरच्या लॅबमध्ये काही हजार रुपयांना होते. इन्फ्लुएन्झाचा अपवाद सोडला, तर त्या कागदावरच्या नावामुळे उपचारात काही फरक पडत नाही. म्हणून मी उलट तीन प्रश्न विचारते. बाळ किती महिन्यांचं? दिवस भरून जन्मलं का? आणि कालपासून दूध किती पितंय?

आरएसव्ही मोठ्या माणसांनाही होतो. तुमच्या-माझ्यासाठी ती बहुधा चार दिवसांची सर्दी असते. दोन वर्षांचं होईपर्यंत जवळपास प्रत्येक मुलाला तो एकदा तरी गाठतो आणि बहुतेक मुलं घरीच बरी होतात. तान्ह्या बाळाची अडचण मापाची आहे. फुप्फुसातल्या सर्वांत बारीक श्वासनलिकांना आतून सूज येते, मेलेल्या पेशी आणि चिकट स्राव त्यांत साचतो, ठिबकच्या नळीत गाळ बसावा तसा. नळीची त्रिज्या निम्मी झाली, की हवेच्या वाटेतला अडथळा सुमारे सोळापट होतो. जेवढ्या सुजेनं मोठा माणूस नुसता खाकरतो, तेवढ्याच सुजेनं बाळाची वाट बंद होऊ शकते. त्यात पहिले काही महिने बाळं प्रामुख्यानं नाकानंच श्वास घेतात. नाक चोंदलं की दूध ओढताना श्वास अडतो आणि श्वास घ्यावा तर दूध सुटतं. या आजाराला आम्ही ब्राँकिओलायटिस म्हणतो.

नव्यानं आलेल्या इंटर्नना मी पहिल्या दिवशी स्टेथोस्कोप गळ्यातच ठेवायला सांगते. बाळाला आईच्या मांडीवरून उचलायचं नाही, रडवायचं नाही. झबलं वर करायचं आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट पोटाकडे बघायचं. पंधरा सेकंद मोजून चौपट करणं इथे चालत नाही, कारण तान्ह्या बाळाचा श्वास एका लयीत चालत नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार दोन महिन्यांखालच्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक असतील, तर ते जलद समजायचे. मग बाकीचं पाहायचं. नाकपुड्या फुलतात का, बरगड्यांखाली खड्डा पडतो का, प्रत्येक श्वासाला मान हलते का, श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज येतो का, जीभ आणि ओठ काळेनिळे दिसतात का. आमच्या भागातल्या बाया यातलं बरंचसं एका वाक्यात सांगतात, "पोट उडून रायलं लेकराचं." ते कानावर पडलं की ओपीडीतली रांग मोडून त्या बाईला पुढे घ्यायचं, असं आम्ही ठरवून टाकलं आहे.

आवाजावरून मात्र आजाराचा जोर कळत नाही. एका रात्री शेजारशेजारच्या खाटांवर दोन बाळं होती. एक आठ महिन्यांचा गुटगुटीत मुलगा. त्याच्या छातीची घरघर वॉर्डाच्या दारापर्यंत ऐकू येत होती. सोबत आजोबा, काका, मामा, सगळे हादरलेले. पण पठ्ठ्या घरघरतच माझ्या गळ्यातलं ओळखपत्र ओढत होता आणि मध्येच वळून आईला पीत होता. ऑक्सिजन ९५ टक्के. दुसऱ्या खाटेवर दोन महिन्यांची मुलगी, सातव्या महिन्यात जन्मलेली, वजन जेमतेम तीन किलो. ना घरघर, ना ताप. तिची आई म्हणाली, "सकाळपासून अंगावर पेली नाई, मॅडम. निजूनच हाये." पायाला लावलेल्या प्रोबवर आकडा ९१ होता, म्हणजे फार वाईट नाही. मी श्वास मोजत असतानाच तिचा श्वास थांबला. आकडा भराभर उतरू लागला, सिस्टरनी तळव्याला टिचक्या मारल्या, तेव्हा कुठे तिनं दचकून श्वास घेतला. अपुऱ्या दिवसांच्या आणि अगदी लहान बाळांमध्ये या विषाणूचं पहिलं ठळक लक्षण कधीकधी हेच असतं. खोकला जोर धरायच्या आधीच बाळ श्वास घ्यायचं विसरतं. नातेवाइकांची गर्दी पहिल्या खाटेभोवती होती आणि आम्ही सगळे दुसऱ्या खाटेपाशी. मुलगा लवकर घरी गेला. मुलीला श्वासाचा आधार द्यावा लागला. तीही बरी झाली, पण त्या सगळ्या दिवसांत तिच्या आईनं पाठ टेकलेली मी पाहिली नाही.

उपचार काय, असं विचाराल तर सांगण्यासारखं थोडं आहे, करायला मात्र रात्रंदिवस पुरत नाहीत. लागेल तेवढा ऑक्सिजन, पोटात पुरेसं दूध आणि मोकळं नाक. यातला पहिला भाग भिंतीतल्या पाइपमधून येतो. २०२१ मधल्या करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर जिल्ह्याजिल्ह्यांत हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे प्रकल्प उभे राहिले, वॉर्डांत पाइपलाइन आल्या. त्याआधी रात्री-बेरात्री सिलिंडर ढकलत आणण्यात वॉर्डबॉयचा आणि बाळाचाही दम जायचा. बाकीचे दोन भाग सिस्टरांच्या हातात असतात. दूध पाजायच्या आधी नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, मग हलक्या हातानं स्राव काढणं, थोडं थोडं आणि वारंवार पाजणं, ओढवत नसेल तर आईचं दूध काढून वाटी-चमच्यानं देणं, तेही जमत नसेल तर नाकातून पोटात घातलेल्या नळीनं. किती दूध गेलं, किती लंगोट ओले झाले, हे सगळं तक्त्यावर. राउंडला मी सर्वांत आधी तोच तक्ता बघते. नेहमीच्या निम्म्याहून कमी दूध जात असेल तर घरघर कितीही कमी झालेली असो, त्या बाळाला घरी सोडायचं नाही.

याहून अवघड काम म्हणजे काही गोष्टी न करणं. वाफेचं मशीन, स्टेरॉइड, अँटिबायोटिक ही तिन्ही अस्त्रं हाताशी असतात आणि नातेवाइकांना ती वापरलेली दिसायला हवी असतात. अमेरिकेच्या बालरोग अकादमीनं २०१४ मध्ये आणि ब्रिटनच्या नाइस संस्थेनं २०१५ मध्ये साध्या ब्राँकिओलायटिसमध्ये यांपैकी काहीही नेहमीचं म्हणून देऊ नका, असं सांगितलं. कारण समजायला सोपं आहे. दम्यात श्वासनलिकेचे स्नायू आवळले जातात, त्यांना सैल करणारं औषध तिथे लागू पडतं. इथे नळी सुजेनं आणि स्रावानं भरलेली असते; सैल करायला फारसं काही नसतंच. एक्स-रे काढला तर फुप्फुसाचा एखादा मिटलेला भाग पांढरा दिसतो, त्याला न्यूमोनियाचा डाग समजून अँटिबायोटिक सुरू होतं आणि मग कुणाला ते थांबवायचा धीर होत नाही. अर्थात खरोखर जिवाणूंचा संसर्ग असेल, तर अँटिबायोटिक जीव वाचवतं आणि आम्ही ते वेळ न दवडता देतो.

"सुई नाई, सलाईन नाई, मग भरती कायले केलं?" हा प्रश्न मला दर हंगामात ऐकावा लागतो. त्यावर भाषण देऊन उपयोग होत नाही. मी बापाला खाटेजवळ बसवते, ऑक्सिमीटरचा आकडा कसा वाचायचा ते दाखवते आणि घड्याळ लावून श्वास मोजायला शिकवते. काल ७२ होते, आज ५८ आहेत, हे त्यानं स्वतः मोजलेलं असलं की त्याचा सलाईनचा हट्ट आपोआप सुटतो. साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत आजार चढतो आणि मग उतरतो, हेही आधीच सांगून ठेवावं लागतं. नाहीतर चौथ्या दिवशी लोक बाळाला उचलून दुसऱ्या दवाखान्यात नेतात, तिथे दोन दिवसांत ते बरं होतं आणि श्रेय शेवटच्या इंजेक्शनला मिळतं. खोकला तर पुढे दोन-तीन आठवडे रेंगाळतो. तेवढ्यासाठी घाबरून परत यायचं कारण नाही.

२०२५ च्या जानेवारीत एचएमपीव्हीची हाकाटी झाली, तेव्हा नाव कळल्यानं माणसाचं काय होतं ते पाहायला मिळालं. ६ जानेवारीला बंगळुरूमधल्या दोन बाळांमध्ये हा विषाणू सापडल्याचं जाहीर झालं, एक तीन महिन्यांचं, दुसरं आठ महिन्यांचं. दुपारपर्यंत आमचे फोन खणखणू लागले. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००१ मध्येच हा विषाणू ओळखला होता आणि त्याआधीही तो पिढ्यान्‌पिढ्या मुलांमध्ये फिरतच होता, हे सांगून सांगून घसा कोरडा पडला. त्या आठवड्यात साध्या सर्दीची धडधाकट मुलं मास्क लावून तपासणीसाठी रांगेत उभी होती. बातमीत नसलेल्या आरएसव्हीनं मात्र दर हंगामात आमचा वॉर्ड भरलेला असतो आणि त्याची चौकशी करायला कुणीही फोन करत नाही.

त्याचा जगभरातला हिशेब मोठा आहे. २०१९ या एका वर्षात पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये आरएसव्हीमुळे फुप्फुसापर्यंत पोहोचलेले सुमारे ३ कोटी ३० लाख आजार झाले, ३६ लाख मुलांना भरती व्हावं लागलं आणि लाखभर दगावली, असा अंदाज लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाला आहे. मृत्यूंपैकी जवळपास निम्मे सहा महिन्यांखालच्या बाळांचे होते आणि ९७ टक्के गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतले. आशिया आणि आफ्रिकेतल्या सात देशांत झालेला पर्च नावाचा अभ्यासही २०१९ मध्येच आला. एक्स-रेवर न्यूमोनिया दिसत असलेल्या, एचआयव्ही नसलेल्या, भरती झालेल्या मुलांत सुमारे ६१ टक्के वेळा कारण विषाणू होते आणि त्यात एकट्या आरएसव्हीचा वाटा ३१ टक्क्यांचा होता.

विषाणू श्रीमंत देशांतही हाच आहे, मरणारी मुलं मात्र बहुतेक सगळी इकडची. हे ९७ टक्के म्हणजे काय, ते मला वॉर्डात रोज दिसतं. दिवस भरायच्या आधी झालेली बाळंतपणं. जन्मतः हृदयाला छिद्र असून कधीच तपासणी न झालेलं मूल. कुपोषण. चुलीचा धूर आणि त्याच खोलीत बिडी ओढणारं कुणीतरी. आणि अंतर. एक बाळ तिसऱ्या ठिकाणाहून आमच्याकडे आलं होतं. आधीच्या दोन्ही जागी इंजेक्शन मिळालं, ऑक्सिजन मिळाला नाही; वाटेत दीड दिवस गेला होता. आमच्या दारात पोचलं तेव्हा ते थकून श्वास कमी घेऊ लागलं होतं. थकलेल्या बाळाचा श्वास मंदावला की घरच्यांना वाटतं, धाप कमी झाली, उतार पडला. ते बाळ आम्ही वाचवू शकलो नाही. विषाणूचं नाव त्याच्या कागदावर नव्हतं. मला विचाराल तर ते अंतरानं गेलं.

मोठ्या यंत्रांची वाट बघत बसावं असंही नाही. ढाक्याच्या आयसीडीडीआर,बी या संस्थेच्या रुग्णालयात डॉ. मोहम्मद जोबायर चिश्ती यांनी शाम्पूची रिकामी बाटली, पाणी आणि नळ्या वापरून बबल सीपॅप उभं केलं. बाळानं सोडलेला श्वास पाण्याखाली बुडबुडे काढत बाहेर पडतो आणि त्या दाबानं फुप्फुसं मिटत नाहीत. गंभीर न्यूमोनियाच्या मुलांवरचा त्यांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. साध्या ऑक्सिजनवर १५ टक्के मुलं गेली होती, बबल सीपॅपवर ४ टक्के. यात बाटलीइतकंच महत्त्व तिच्याजवळ उभ्या असलेल्या प्रशिक्षित नर्सचं आणि हाकेच्या अंतरावरच्या डॉक्टरचं होतं. आमच्याकडे जिल्ह्याच्या ठिकाणी यंत्र येतं, त्याचं उद्‌घाटन होतं; रात्रपाळीला चाळीस मुलांमागे दोन सिस्टर असल्या की ते कोपऱ्यात पडून राहतं.

गडचिरोलीच्या उदाहरणाशिवाय हा विषय मला पुरा करता येत नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ सुरू केली आणि बालन्यूमोनियाचा प्रश्न गावातच सोडवायला घेतला. गावातले आरोग्यसेवक आणि सुईणी यांना श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवलं. मोजता न येणाऱ्यांसाठी मण्यांचा श्वासगणक तयार केला, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. १९९० मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या निष्कर्षांत, जिथे हे काम झालं त्या गावांत पाच वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे ८.१ मृत्यू होते. जिथे झालं नाही तिथे १७.५. अक्षरओळख नसलेली सुईण जे मोजू शकते, ते मोबाइल हातात असलेल्या आई-बापाला मोजता येणार नाही, हे मी मान्य करत नाही.

घरात एका गोष्टीला मात्र हात लावू नका : खोकल्याच्या बाटलीला. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आमच्या शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या एका औषधात डायइथिलिन ग्लायकॉल हे विष निघालं आणि वीसहून अधिक मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन गेली. त्यांतल्या अनेकांना नागपूरला हलवलं होतं. यातली बहुतेक मुलं साध्या सर्दी-तापाची होती, हे जास्त जिव्हारी लागतं. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं त्या वेळी पुन्हा बजावलं, की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सहसा टाळावीत. बाटलीत विष नसतं, तरी त्या औषधानं बाळाची श्वासनलिका उघडली नसती.

लस का नाही, असंही लोक विचारतात. १९६० च्या दशकात अमेरिकेत फॉर्मालिननं निष्क्रिय केलेली लस बाळांना देऊन पाहिली होती. ती घेतलेल्या बाळांना पुढे खरा विषाणू भेटला तेव्हा आजार उलट जास्त तीव्र झाला, बहुतेकांना भरती करावं लागलं आणि दोन दगावली. त्या धक्क्यानं हे संशोधन कित्येक दशकं मागे पडलं. २०१३ मध्ये विषाणूवरच्या एका प्रथिनाची पेशीत शिरण्याआधीची नेमकी रचना कळली आणि वाट मोकळी झाली. आता गरोदरपणात आईला द्यायची लस आहे आणि बाळाला एकदाच टोचायची निर्सेविमॅब ही प्रतिपिंडं आहेत. २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं यांपैकी एक तरी मार्ग सर्व देशांनी स्वीकारावा असं सुचवलं. आपल्या सरकारी लसीकरणात यांतलं अजून काही नाही. ज्या बाळांना याची सर्वांत जास्त गरज आहे, ती सरकारी वॉर्डातच येतात. तेव्हा किमान अपुऱ्या दिवसांच्या आणि हृदयरोग असलेल्या बाळांसाठी तरी हे फुकट मिळायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

तोवर आपल्या हातात आहे ते करू या. घरात कुणाला सर्दी असेल तर त्यानं बाळाचे मुके घेऊ नयेत, हात धुतल्याशिवाय उचलू नये. बारशाच्या गर्दीतही हे निःसंकोच सांगा. बाळाजवळ धूर नको. आजारपणातही अंगावरचं दूध चालू ठेवा. आणि बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल, निम्म्याहून कमी पीत असेल, सहा-आठ तास लंगोट ओला झाला नसेल, पोट उडत असेल, बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, मध्येच श्वास थांबत असेल, जागं करूनही जागं होत नसेल किंवा ओठ काळेनिळे दिसत असतील, तर यांतली एकच खूण पुरेशी आहे. रात्र आहे, पाऊस आहे, सकाळी बघू, असं म्हणू नका. १०८ ला फोन करा आणि जिथे ऑक्सिजन आहे अशा दवाखान्यात बाळाला न्या.